किल्लीदादाचा अर्धा कप

किल्लीदादाचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या फटीत बसवलेलं एक कपाटच म्हणा ना! आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्यानं बाहेरच थांबायचं. तिन्ही भिंतींवर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, फळीवर किल्ली कापायचं मशीन आणि सगळ्यावर पितळेचा बारीक चुरा. हा चुरा त्याच्या भुवयांत असायचा, बुटांत असायचा आणि रविवारी उपासनेला आला की कॉलरवरही चमकायचा. त्याचं खरं नाव काय, हे चर्चच्या मंडळीत कोणालाच धड सांगता आलं नसतं. लहानथोर सगळ्यांचा तो किल्लीदादा.

आणि त्याची बायको किल्लीवहिनी. यावर तिची कायम तक्रार. ती बिचारी शिंप्यांच्या कोटांना हातानं काजं करायची. काजं अशी की कोट विरला तरी काज उसवायचं नाही. "मी काजं करते हो! किल्ल्यांना तर हे मला बोटसुद्धा लावू देत नाहीत," असं ती भेटेल त्याला सांगायची. ते अगदी खरं होतं. त्यानं मागितलेलं पेचकस तिनं हातात द्यायचं, कुलपाच्या वाटेला जायचं नाही.

मागितलेलं म्हणालो मी? चुकलो. मागायचा नाहीच तो! किल्लीदादाला जगात एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे कोणाकडे काही मागणं. शेजाऱ्याकडून शिडी आणण्यापेक्षा टेबलावर खुर्ची, खुर्चीवर पत्र्याचा डबा असा मनोरा रचून हा गडी दिवा बदलायचा. खाली वहिनी जीव मुठीत धरून उभी. दोनदा आपटला, पण शिडी मागितली नाही. अख्ख्या वस्तीची दारं यानं उघडली. टॉवेल गुंडाळून जिन्यात अडकलेले साहेब असोत, की कपाटाची किल्ली गिळलेल्या पोराची आई असो, सगळे याच्याकडे धावायचे. हा मात्र कोणाकडेच गेला नाही आणि याचा त्याला भारी अभिमान.

देवाशीही त्याचं हेच. डोळे मिटायचे, आभार मानायचे, आमेन म्हणायचं, संपलं. "देवाला कामं कमी आहेत का? उगाच आपलं गाऱ्हाणं कशाला?" म्हणायचा. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणताना रोजच्या भाकरीची ओळ आली की याचा आवाज पुटपुटण्यावर यायचा. पाळक हसून सोडून द्यायचे. पण पाळकांच्या आई, म्हणजे अख्ख्या मंडळीच्या आजी, त्या सोडणाऱ्या नव्हत्या. याला रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलेलं.

"किल्ल्या," त्या म्हणायच्या, "आभार मानतोस, छान करतोस. पण बापाकडे कधी काही मागतच नाही, असा लेक कुठला रे? तो पाहुणा झाला!"

"आजी, मला काही कमीच नाही," हा हसत सांगायचा.

आणि मग त्याचा हात थरथरायला लागला.

उजवा. आधी मशीनवर कळलं. किल्लीचे दात वेडेवाकडे पडले, तर यानं मशीनला शिव्या घातल्या. मग कानस हातातून निसटायला लागली. मग शर्टाचं बटण लागेना. हात गेले तर राहिलं काय? त्याला दुसरं काही येत नव्हतं, यायची गरजच पडली नव्हती. पण यानं ताकास तूर लागू दिली नाही. बाहेर पडला की हात खिशात. गिऱ्हाईक आलं की "उद्या या." डॉक्टरकडे जायचं नाही, बायकोला सांगायचं नाही. देवाला सांगायचं, तर सांगणं म्हणजे मागणंच झालं की! म्हणून तेही नाही.

घरी एकच बदल झाला होता. वहिनीनं त्याचा चहाचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली होती.

"काय गं, कंजूष झालीस की काय?" तो कुरकुरायचा.

"पुन्हा देते की. गरम गरम प्यावा," ती म्हणायची आणि पाठ वळवून काजाला बसायची.

मंडळीत मात्र घोडं अडलं ते प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत द्राक्षरस घ्यायच्या विधीला. तिथं पद्धत अशी, की द्राक्षरसाचे इवलेसे काचेचे पेले एका तबकात ठेवून ते तबक बाकावरून हातोहात पुढं जायचं. ज्यानं त्यानं आपला पेला उचलायचा, तबक शेजारच्याला द्यायचं. आता आली का पंचाईत! थरथरत्या हातानं तबक धरलं असतं तर सगळे पेले किणकिण वाजले असते. तेव्हा किल्लीदादानं शक्कल काढली. प्रभुभोजनाच्या रविवारी तो बाकावर बसेना, मुख्य दाराशी उभा राही. "दार कोणीतरी सांभाळायला नको?" कशाला सांभाळायचं? तिथं कुत्रंसुद्धा येत नव्हतं! पण लोक म्हणाले, वा, काय सेवाभाव आहे! आणि हा तिथं उभा राहून लांबून बघायचा. लोक पेला ओठांना लावायचे, डोळे मिटायचे, काहींच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की याची नजर तिथंच खिळायची. गाणी पूर्वीसारखी आत उतरत नव्हती. प्रार्थना म्हणजे जिभेची सवय उरली होती. आत सगळं कोरडं ठाक पडलं होतं आणि हे सांगायचं कोणाला?

तर अशात मंडळीच्या मागच्या खोलीतून ध्वनिक्षेपक चोरीला गेले. पेले, तबकं, गाण्याची पुस्तकं, सगळं त्याच खोलीत. पाळकांनी किल्लीदादाला गाठलं. यानं बाहेर उघडणारं लोखंडी दार बसवून घेतलं, खाली कागदही सरकणार नाही अशी पट्टी ठोकली आणि दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप चढवलं. बाहेरून किल्लीनं उघडायचं, आतून मूठ फिरवून. "माझ्याशिवाय हे कुलूप उघडणारा अजून जन्माला यायचाय!" असं छातीवर हात ठेवून सांगितलं. डावा हात, बरं का. किल्ली एकच दिली. दुसरी द्यायची राहिली, कारण ती कापायला हात स्थिर हवा.

शनिवारी संध्याकाळी शेवटचं काम उरलं, आतल्या मुठीचा स्क्रू. गव्हाच्या दाण्याएवढा तो स्क्रू. बोटांतून सुटला, टणकन उडाला आणि कपाटाखाली गेला. किल्लीदादा पालथा पडून चाचपत राहिला. पलीकडे सभागृहात पाळक खुर्च्या लावत होते. "साहेब, जरा उजेड धरता का?" एवढं म्हणायचं होतं. एवढंच! पण मग ते विचारणार, पडला कसा? यानं मूठ तशीच दांड्यावर दाबून बसवली, फिरवून बघितली. फिरली. "रविवार जाऊ दे, मग बघू," म्हणून आपली हत्यारांची पिशवी उचलली आणि दुकानात टाकून घरी गेला.

रविवारी प्रभुभोजन होतं. लोक येऊन बसत होते, सभागृहात गाणं सुरू झालं होतं. पाळक स्वयंपाकघरात द्राक्षरसाची बाटली उघडत होते आणि आजी पेले आणायला मागच्या खोलीत गेल्या. दार त्यांच्यामागं लागलं. पेल्यांचं तबक घेऊन आजी वळल्या, मूठ फिरवली आणि मूठ आली की हातात! पुन्हा दांड्यावर दाबली, तर नुसतीच गरगर फिरायला लागली.

आधी सगळ्यांना गंमतच वाटली. आतून आजीच हसत म्हणाल्या, "अरे, मी कोंडली गेले रे! किल्ली माझ्याच कनवटीला आहे!" किल्ली आत, आणि आतल्या बाजूला किल्लीचं भोकच नाही. दाराखालून सरकवावी, तर ती पट्टी! गलेलठ्ठ बसड्रायव्हर बाह्या सरसावून पुढं आला आणि दोन धडका देऊन खांदा चोळत बसला. बाहेर उघडणारं दार आत ढकलून काय होणार, कपाळ? पाळक तेवढ्यात आले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईनं सकाळचं इन्शुलिन घेतलंय," ते म्हणाले. "आणि पोटात काही नाही. प्रभुभोजनानंतर खाईन म्हणाली."

झालं! सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कोणी अग्निशामक दलाला फोन लावला. ते येतो म्हणाले, पण होते शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि मग, अर्थातच, सगळ्यांच्या माना मुख्य दाराकडं वळल्या. तिथं दार सांभाळत उभा होता आपला किल्लीदादा.

"किल्लीदादा, पळा!"

पळाला तो! दोन गल्ल्या, एक चढ, समोरून येणारी सायकल, शिव्या देणारा सायकलवाला. दुकानाचं कुलूप उघडताना किल्ली तीन ठिकाणी लागली आणि भोकात एकदाही नाही. शेवटी दोन्ही हातांनी धरून घातली. पिशवी छातीशी कवटाळून परत. येईपर्यंत छाती लोहाराच्या भात्यासारखी. लोकांनी वाट करून दिली, कोणी टाळ्याही वाजवल्या. आता काय, किल्लीदादा आला, आजी सुटल्या!

तो दाराशी गुडघ्यांवर बसला. एका हातात ताण द्यायची वाकडी पट्टी, दुसऱ्यात बारीक तार. तारेनं आतली एकेक पिन उचलायची आणि पट्टीवरचा ताण ढळू द्यायचा नाही. आयुष्यभर केलेलं काम. तार कुलपाच्या तोंडाशी नेली आणि ती लोखंडावर नुसती टरटर वाजायला लागली. उजवीकडं, डावीकडं, भोकात काही जाईना. गेली, तर निसटली. पुन्हा. पुन्हा. तार वाकली. दुसरी घेतली, ती खाली पडली.

"धाप लागलीय बिचाऱ्याला," ड्रायव्हर म्हणाला. "दम खाऊ द्या."

"किल्ल्या..." आतून आजींचा आवाज आला. पण हा आवाज मघाचा नव्हता. जीभ जड झाली होती. "अरे... घाम फार... आलाय रे मला. बसते मी इथंच."

"आई!" पाळकांनी दारावर हात आपटले. "आई, बोलत राहा!"

किल्लीदादाला स्क्रू आठवला. कपाटाखालचा, गव्हाच्या दाण्याएवढा. आपण तोंड उघडलं नाही म्हणून ही म्हातारी आत बसलीय, आणि आत्ताही तोंड उघडत नाहीये! तार खाली ठेवली त्यानं. हात लपवायला खिशाकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. मग सगळ्यांना दिसेल असा तो थरथरणारा हात वर केला आणि मोठ्यानं, अगदी ओरडूनच म्हणाला,

"बापा! माझा हात गेलाय! कधीचाच गेलाय, मी लपवत होतो. मला हे जमत नाही. मला मदत कर. तुझ्याशिवाय मला कोणी नाही, मला मदत पाहिजे रे!"

एवढ्या वर्षांत त्याला देवापुढं असं रडताना कोणी पाहिलं नव्हतं. सभागृहातलं गाणं कधीच थांबलं होतं.

"सरका जरा," त्याच्या कानाशी कोणीतरी म्हणालं.

वहिनी! पदर खोचून ती शेजारी गुडघ्यांवर बसली होती आणि तिनं तार उचललीसुद्धा होती.

"अगं, तुला... तुला माहीत होतं?"

"मग? अर्धा कप कशासाठी भरत होते, वाटलं तुम्हाला?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "तुम्ही म्हणाल तेव्हा म्हणाल, म्हणून गप्प होते. आता सांगा, काय करायचं? लवकर!"

किल्लीदादानं कान लोखंडाला लावला. कान काही थरथरत नव्हता! "पट्टी भोकात खालच्या बाजूला घाल. ताण दे. नको, एवढा नाही! रेशमाला देतेस ना काज घालताना, तेवढाच. हां! आता तार आत, अगदी मागपर्यंत. वर टेकव. काय लागतंय?"

"काहीतरी स्प्रिंगसारखं दबतंय."

"तीच पिन. हळूच उचल."

इकडं अख्खी मंडळी एका सुरात मोठ्यानं प्रार्थना करायला लागली होती. किल्लीदादा वळून ओरडला, "अहो, मनात करा, मनात! मला टिक ऐकू येत नाहीये!" सगळे चिडीचूप. ड्रायव्हरनं तर स्वतःच्या तोंडावर हातच दाबून धरला.

टिक!

"आली! एक आली!" किल्लीदादा उड्या मारायच्या बेतात. आणि काय गंमत झाली बघा, ज्या माणसानं जन्मात काही मागितलं नाही, त्याचा बांधच फुटला. "बापा, ही एक दिलीस, आता पुढची दे. देतोस ना? अगं, ताण सोडू नकोस! बापा, हिचा हात धर. आजींना जागं ठेव. पुढची, पुढची!"

टिक. मग आणखी एक. मग वहिनीला शिंक आली आणि ताण सुटून सगळ्या पिना खाली! लोकांच्या तोंडून एकदम "अरेरे!" निघालं. वहिनीनं बाहीनं नाक पुसलं आणि ओठ घट्ट मिटून पहिल्यापासून सुरुवात केली. आतून आजींचा आवाज येईनासा झाला होता. पाळक भिंतीला टेकून नुसते ओठ हलवत होते. किल्लीदादाला भीती वाटत होती, भयंकर वाटत होती, पण आज पहिल्यांदाच तो त्या भीतीत एकटा नव्हता. वर कोणीतरी ऐकतंय, हे त्याला इतकं पक्कं कळलं की त्याचे केस ताठ उभे राहिले.

टिक. टिक. टिक.

"फिरव!"

कुलूप फिरलं. ड्रायव्हरनं दार असं काही ओढलं की तो स्वतःच मागं पडला. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे अर्धवट मिटलेले, मांडीत पेल्यांचं तबक, मुठीत किल्ली. पाळकांनी त्यांचं डोकं हातावर घेतलं. जेवढा गिळता येत होता तेवढाच द्राक्षरस थोडा थोडा करून पाजला. आधी काही नाही. मग एक घोट. मग दुसरा. मग आजींनी डोळे उघडले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "एवढे सगळे इथं, मग गाणं कोण म्हणतंय?"

जीव भांड्यात पडला हो सगळ्यांचा! हसणं काय, रडणं काय, एकमेकांना मिठ्या काय! किल्लीदादा आजींच्या पायाशी बसून हुंदके देत स्क्रूची सगळी हकीकत सांगायला लागला, तर त्यांनी त्याचा थरथरता हात आपल्या हातात घेतला.

"स्क्रूचं नंतर बघू. मी आतून सगळं ऐकलं. शेवटी मागितलंस की नाही बापाकडे?"

"मागितलं, आजी."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "आला लेक घरी."

डॉक्टर येऊन आजींना तपासून गेले आणि उपासना उशिरा का होईना, सुरू झाली. त्या दिवशीची गाणी रस्त्यापर्यंत गेली असतील. किल्लीदादा सवयीनं मुख्य दाराशी जाऊन उभा राहिला. मग स्वतःलाच "गाढवा!" म्हणाला आणि सरळ चालत येऊन वहिनीशेजारी बाकावर बसला. तबक आलं. यानं पेला उचलला. हात थरथरला, रस पांढऱ्या शर्टावर सांडला. पूर्वी हा माणूस शरमेनं मेला असता. त्यानं बायकोकडे बघितलं.

"धर गं," तो म्हणाला.

तिनं त्याचा हात आपल्या हातात धरला आणि पेला त्याच्या ओठांपर्यंत नेला. कितीतरी दिवसांनी त्याच्या जिभेला ती चव लागली. डोळे मिटले, आणि लांबून बघताना लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते काय असतं हे त्याला कळलं. आतलं सगळं कोरडेपण धुऊन निघालं. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं, आणि तो हसलाही.

हात काही बरा झाला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थरथर थोडी कमी होईल म्हणाले. कपाटासारख्या त्या दुकानात आता दोन माणसं दाटीवाटीनं बसणार होती. एक सांगणार, एक कापणार, आणि दोघं दिवसभर भांडणार, हे ठरलेलंच.

पण सोमवारची सकाळ सांगायची राहिली. चहा आला. किल्लीदादानं डोळे मिटले आणि आभार मानून झाल्यावर मागायला जी सुरुवात केली, ती थांबेचना! हातासाठी, आजींसाठी, ड्रायव्हरच्या खांद्यासाठी, काजं करून शिणलेल्या बायकोच्या डोळ्यांसाठी, न सापडलेल्या स्क्रूसाठी. रोजच्या भाकरीची ओळ तर एवढ्या मोठ्यानं म्हणाला की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली.

"आमेन म्हणा की आता, चहा निवला!" वहिनी हसत म्हणाली.

"आमेन," म्हणून त्यानं डोळे उघडले आणि समोरचा अर्धा कप तिच्याकडे सरकवला.

"पूर्ण भर," तो म्हणाला. "आणि बस इथं, धरायला."